माडीवरील पेटी

घरांतील तरुण मुलें एखादा नवा उद्योग आरंभितात, तेव्हां वडील मंडळींच्या तोंडून पहिला शब्द बहुधा निरुत्साहाचाच निघतो. आम्हींही त्यास अपवाद नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. लंडनच्या आर्बिटर कंपनीनें १९६६ सालीं काढलेल्या ‘फझ फेस’ नांवाच्या पेडलची हुबेहूब प्रतिकृति करण्याचें आमच्या पुतण्यानें मनांत घेतलें. गिटार व ध्वनिवर्धक यांच्या मध्यें हें पायानें चालू-बंद करावयाचें वाटोळें यंत्र जोडलें, म्हणजे तारेचा स्वच्छ स्वर फाटका व घोगरा होतो. जिमी हेंड्रिक्स यांच्या वादनानें त्याची कीर्ति झाली. “चांगला स्वर बिघडविण्यासाठीं यंत्र, आणि तेंही दुसऱ्याची नक्कल!” असें आम्हीं पंक्तींत बोलून गेलों. मुलगा कांहीं बोलला नाहीं. पान आटोपून माडीवर गेला.

या स्वराचा जन्मच मुळीं बिघाडांतून झाला, हें आम्हांस मागाहून कळलें. अमेरिकेंत नॅशव्हिल येथें मार्टी रॉबिन्स यांच्या, पुढें १९६१ सालीं गाजलेल्या, ‘डोन्ट वरी’ या गाण्याचें ध्वनिमुद्रण चाललें असतां यंत्रांत दोष उत्पन्न झाला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या बास गिटारचा स्वर गुरगुरूं लागला. तो टाकून न देतां तसाच ठेवण्यांत आला. पुढें ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनीं तोच परिणाम मुद्दाम साधणारी योजना केली व तीवरून १९६२ सालीं ‘मेस्ट्रो फझ-टोन’ बाजारांत आलें.

फझ फेसच्या पोटांत दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन फिरत्या कळा व नऊ व्होल्टची बॅटरी, एवढाच संसार. नकाशाप्रमाणें सारें जोडून डाख लावून झालें, तरी स्वर अडखळत विझून जाई. आरंभींच्या पेडलांतील ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे. एकाच छापाचे दोन नग घेतले तरी त्यांची वर्धनशक्ति सारखी नसते. शिवाय प्रत्येकांतून नको असलेला थोडा प्रवाह झिरपतो. पहिल्याची शक्ति सुमारें ७० ते ८०, दुसऱ्याची सुमारें १२० असावी व गळती अल्प असावी, असा जाणत्यांचा संकेत आहे. पुतण्यानें एकेक नग मोजून निवडला आणि दुसऱ्याच्या कलेक्टरवर सुमारें साडेचार व्होल्ट दाब येईपर्यंत रेझिस्टर बदलून पाहिले.

तरीही सकाळीं गाणारें पेडल वैशाखांतल्या दुपारीं कण्हूं लागे. एके दिवशीं तें आम्हांस रद्दीच्या ढिगावर दिसलें, आणि आपलाच शब्द आठवून मन ओशाळलें. सकाळ-दुपारचा भेद आम्हीं खालीं बसून रोज ऐकत होतों. आम्हीं तें उचलून माजघरांतील गार फरशीवर ठेवलें आणि दिवेलागणीस त्यास म्हणालों, “बाळ, आतां एकदां वाजवून पाहा.” स्वर निघाला तो फाटकाच, पण भरदार व अखंड. मग त्यानेंच समजावून दिलें, कीं तपमान दहा अंश चढलें म्हणजे जर्मेनियमची गळती जवळजवळ दुप्पट होते. माडीवरचे पत्रे त्याच्या ध्यानांत आले नव्हते.

आमच्या कानांस तो स्वर अद्याप गोड लागत नाहीं, आणि तसें आम्हीं त्यास सांगितलेंही आहे. तो हंसला. आतां पेडल माजघरांत वाजतें. वाचकांच्या घरींही माडीवर अशी एखादी पेटी असेल. तिच्याविषयीं मत देण्यापूर्वीं वडिलधाऱ्यांनीं एकदां जिना चढून जावें, एवढीच आमची विनंति.