थिएटर हॉलमध्ये, वायर माळ्यावर

नावड्यात राहणाऱ्यांना होम थिएटरचं वेड का लागतं, हे नावड्यात राहिल्याशिवाय कळायचं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूरहून मेट्रो पेंधरपर्यंत आली, मान्य. पण लास्ट शो सुटल्यावर घर गाठायचं म्हणजे अजूनही रिक्षावाल्याची मर्जी! मग काय, हॉललाच थिएटर करायचं.

फाइव्ह पॉइंट वनचा बॉक्स घरी येतो, पहिले दोन दिवस सॉलिड जातात. तिसऱ्या दिवशी कळतं की मागच्या दोन स्पीकर्सच्या वायरी हॉलच्या मधोमध साप सोडल्यासारख्या पडल्यात. कामवाल्या मावशी पुटपुटतात, गावाहून आलेली आई पाय उचलून उचलून चालते. रात्री पाणी प्यायला उठलेलं कुणी त्यात अडकून पडलं तर? म्हणजे हा नुसता 'लुक'चा मामला नाही.

अमेरिकेतल्या लोकांचं बरं असतं. लाकडी घर, छपराखाली पोकळ जागा. वर चढायचं, वायर भिंतीच्या पोटातून खाली सोडायची. आपल्याकडे वर स्लॅब आणि स्लॅबवर वरच्या काकूंचा मिक्सर. पण पॅसेजवर माळा असतोच की! गणपतीचं मखर, जुन्या सुटकेसेस आणि लग्नात आलेले डिनर सेट, सगळ्यांना सामावून घेणारा. मी भाड्याच्या वन बीएचकेत राहतो. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट, डिपॉझिट मालकांकडे अडकलेलं. भिंत फोडायचा प्रश्नच नाही. म्हणून माळा.

फंडा सोपा आहे. टीव्हीच्या मागून वायर कोपऱ्यातून वर न्यायची, ज्या भिंतीला दार नाही त्या भिंतीवरून छताच्या कडेने केसिंग पट्टीतून मागे आणायची. एक स्पीकर तिथेच कोपऱ्यात. दुसऱ्याची वायर माळ्यात घुसते, पॅसेजच्या दारावरून आतल्या आत पलीकडे जाते आणि सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला उतरते. हॉलमध्ये पट्टी दिसते ती एकाच बाजूला. भोकं दोन, आणि तीही मालकांना फोन करून, विचारून.

खरेदीआधी या रस्त्यावरून सुतळी फिरवा आणि मग सुतळी मोजा. दोन्ही टोकांना एकेक मीटर जास्त धरा. बजेट इथेच वाचतं, कारण अंदाजाने घेतलेली वायर एकतर उरते, नाहीतर फुटभर कमी पडते.

आता वायर कुठली? शोरूममधली जाडजूड, पारदर्शक, सोनेरी टोकांची वायर बघून भुलू नका. साधं गणित आहे. वायरचा रेझिस्टन्स स्पीकरच्या पाच टक्क्यांच्या आत राहिला की झालं. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणाऱ्या दीड स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण १३ ओहम. स्पीकर दहा मीटरवर असेल तर जाऊन-येऊन वीस मीटर, म्हणजे पाव ओहमच्या आसपास. आठ ओहमच्या स्पीकरला हे तीन-साडेतीन टक्के. पास! फक्त तांबं खरं आहे ना ते बघा. ब्लेडने एक तार खरवडा. आत पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. माझं वायर, पट्ट्या, पाइप, स्क्रू धरून दोन हजारांच्या आत भागलं.

पैसे वाचवायचे ते ब्रँडवर, सेफ्टीवर नाही. बीम आणि कॉलमला ड्रिल लावायचं नाही म्हणजे नाही. स्विचबोर्डच्या सरळ वर-खालीही नाही. आतल्या वायरी बहुतेक तिथूनच जातात. लाइटच्या वायरीच्या पाइपात स्पीकरची वायर कोंबू नका. दोन्ही शेजारून जात असतील तर फूटभर अंतर ठेवा, ओलांडायचंच असेल तर काटकोनात. माळ्यावर पाण्याची टाकी असेल तर तिच्यापासून लांब. आणि तिथे वायर उघडी न टाकता पीव्हीसी पाइपातून न्या, कारण उंदरांना साउंड क्वालिटीशी काही देणंघेणं नसतं. पट्टीला नुसता डबल टेप लावलात तर पावसाळ्याच्या दमटपणात ती खाली लोंबणार. मध्ये मध्ये स्क्रू हवाच.

'वायरलेस घे ना यार' म्हणणारा मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याला विचारा, त्या मागच्या स्पीकर्सना करंट कुठून देणार? त्यांनाही प्लग लागतो आणि सोफ्यामागे प्लग पॉइंट असलेला भाड्याचा फ्लॅट मला अजून भेटायचाय. बॅटरीवाले असतात, पण ते चार्जही तुम्हालाच करायचे.

मागचे स्पीकर कानाच्या थोडे वर आणि बसायच्या जागेच्या किंचित मागे, समोरच्या मध्यापासून साधारण ११० अंशांवर ठेवा. पट्टीचं झाकण बंद करण्याआधी लाल-काळी टोकं दोन्हीकडे जुळली का, ते बघा. मग आवाज थोडा कमी ठेवून एखादा पिक्चर लावा. मागच्या सीनमधला पाऊस खरंच मागून पडायला लागला की समजा, जमलं. पुढच्या घरी जाताना पट्ट्या काढा, दोन भोकं पुट्टीने बुजवा, वायर गुंडाळून सोबत न्या. डिपॉझिट शाबूत आणि थिएटरही!