जखिणवाडीची भेट

गेल्या महिन्यांत एका लग्नकार्यानिमित्त आम्हांस साताऱ्याहून सांगलीस जाण्याचा योग आला. बरोबर घरचीं चार माणसें होतीं, आणि त्यांत यंदाच कॉलेजांत जाऊं लागलेला आमचा पुतण्याही होता. त्यानें सकाळीं वर्तमानपत्रांत परदेशांतील दोन बड्या सत्ताधीशांच्या भेटीविषयीं कांहीं वाचलें होतें, आणि वाटेंत तोच एक विषय लावून धरला होता. "काका, असल्या भेटींतून निष्पन्न काय होतें? दोघे हात हातांत घेतात, छायाचित्रें निघतात, आणि घरीं परतल्यावर पुन्हां पहिले पाढे पंचावन्न!" उत्तर देण्याचें आम्ही टाळीत होतों. उंब्रज मागें पडलें, कऱ्हाड ओलांडलें, आणि मलकापुरापाशीं उजव्या हातास आगाशिवाचा डोंगर दिसूं लागतांच आम्हीं गाडी थांबवावयास सांगितली.

ह्या डोंगराच्या कुशींत जखिणवाडी हें लहानसें गांव आहे. डोंगरांतील प्राचीन बौद्ध लेण्यांमुळें तें अभ्यासकांस माहीत असतें. परंतु आमच्या वाचकांनीं तें दुसऱ्या एका कारणासाठीं ध्यानांत ठेवावें अशी आमची इच्छा आहे. ता. २७ फेब्रुवारी १७३१ रोजीं येथल्या माळावर दोन मराठे छत्रपति एकमेकांस भेटले. एक साताऱ्याचे शाहू महाराज. दुसरे पन्हाळ्याचे, म्हणजे कोल्हापूरच्या गादीचे, संभाजी महाराज. दोघेही थोरल्या शिवछत्रपतींचे नातू. एक वडील पुत्राचा मुलगा, दुसरा धाकट्या पुत्राचा. शाहूंचें वय अठ्ठेचाळीस, संभाजींचें बत्तीस, आणि दोन घरांतल्या वैराचें वय चोवीस वर्षें. 'शिखर परिषद' हा शब्द नवा आहे. चर्चिलसाहेबांनीं फेब्रुवारी १९५० मध्यें एडिंबरोच्या भाषणांत अशा भेटीस 'शिखर' म्हटलें, तेव्हांपासून तो जगभर रूढ झाला. वस्तु मात्र जुनी आहे, आणि आपल्या जिल्ह्यांतलीही आहे.

वैराची हकीकत थोडक्यांत अशी. १६८९ त रायगड पडला तेव्हां शाहू मातोश्री येसूबाईंसह मोगलांच्या कैदेंत गेले. ते सुटले ते औरंगजेबाच्या मृत्यूनंतर, १७०७ मध्यें. मधल्या काळांत राजाराम महाराज निवर्तल्यावर ताराबाईंनीं हिंमतीनें राज्य राखलें होतें. ज्यानें राखलें त्याचें, कीं ज्याचा वडीलकीचा हक्क त्याचें, हा प्रश्न उभा राहिला. वांटणीच्या वेळीं ज्यांच्या घरीं असला प्रश्न निघाला असेल, त्यांस ह्यांत दोन्ही बाजूंना कांहीं सत्य असतें हें सांगावयास नको. खेडची लढाई झाली, १२ जानेवारी १७०८ रोजीं शाहूंस साताऱ्यास राज्याभिषेक झाला, आणि ताराबाईंनीं पन्हाळ्यास आपल्या पुत्राची गादी मांडली. पुढें १७१४ त पन्हाळ्यावरच उलथापालथ होऊन राजसबाईंनीं सवतीस व सवतीच्या मुलास अटकेंत टाकलें आणि आपल्या संभाजीस गादीवर बसविलें. म्हणजे भाऊबंदकीच्या पोटांत आणखी एक भाऊबंदकी!

दोन भाऊ भांडतात तेव्हां त्या भांडणावर पोट भरणारीं माणसें आपोआप भोंवतीं जमतात. येथेंही तसेंच झालें. शाहूंशीं बिनसलें कीं सरदार पन्हाळ्याची वाट धरी, नाहींतर निजामाची. खुद्द सेनापति चंद्रसेन जाधव ह्यांनीं दोन्ही वाटा चोखाळल्या. निजामुल्मुल्कानें तर कमालच केली. चौथाईची मागणी आली तेव्हां 'तुमच्यांत खरा छत्रपति कोण तें आधीं ठरूं द्या' असा पवित्रा घेऊन त्यानें पैसा अडकवून ठेवला, आणि १७२७ त संभाजी महाराजांस उघड आपल्या पंखाखालीं घेतलें. बाजीरावांनीं २८ फेब्रुवारी १७२८ रोजीं पालखेडास त्याची कोंडी केली. पुढच्याच महिन्यांत मुंगी-शेवगांवच्या तहानें त्यास संभाजींचा पक्ष सोडावा लागला. आणि उदाजी चव्हाण! बत्तीस शिराळा हें त्यांचें ठाणें. तेथून त्यांनीं एवढा उपद्रव मांडला, कीं शिराळा व कऱ्हाड ह्या भागांतील चौथाई त्यांस देऊन शाहूंस समजूत काढावी लागली. आजच्या हिशोबानें शिराळा सांगली जिल्ह्यांत आणि कऱ्हाड सातारा जिल्ह्यांत. ह्या गृहस्थांनीं दोहोंकडून वसुली केली.

१७३० च्या सुमारास शाहू शिकारीस बाहेर पडले असतां ह्याच उदाजींनीं चार मारेकरी घातले. बखरीची कथा अशी कीं, ते डेऱ्यांत शिरले, पण महाराजांस समोर पाहतांच त्यांचे हात गळाले, त्यांनीं हत्यारें टाकून सर्व कबूल केलें, आणि महाराजांनीं त्यांस सोन्याचीं कडीं देऊन परत धाडलें. कथेंत बखरकाराच्या पदरचें किती, हें वाचकांनीं आपापल्या स्वभावाप्रमाणें ठरवावें. त्यानंतर जें झालें तें मात्र इतिहास आहे. वारणाकांठीं संभाजींचा तळ होता. त्यावर साताऱ्याच्या फौजेनें श्रीपतराव प्रतिनिधींच्या हाताखालीं छापा घातला. संभाजी पन्हाळ्यास निसटले. परंतु ताराबाई, राजसबाई आणि संभाजींच्या राणीसाहेब जिजाबाई विजेत्यांच्या हातीं सांपडल्या.

आमच्या मतें खरी भेट येथेंच सुरू झाली. जिंकलेल्याच्या हातीं शत्रूची आई आणि पत्नी! तत्कालीन राजनीतीप्रमाणें ह्यांच्या मोबदल्यांत गड मागतां आले असते. शाहूंनीं राजसबाईंस व जिजाबाईंस मानानें पन्हाळ्यास पोंचविलें. स्वतःचें बालपण व तारुण्य ज्यानें शत्रूच्या छावणींत काढलें, त्यास ओलीस राहणें म्हणजे काय तें कोणी शिकवावें लागत नाहीं. ताराबाईंनीं मात्र परत जाण्याचें नाकारलें आणि साताऱ्यासच राहणें पसंत केलें. पन्हाळ्यावर सवतीच्या कैदेंत त्यांनीं सोळा वर्षें काढलीं होतीं. त्या निवडीचें फळ शाहूंच्या पश्चात् साताऱ्यास भोगावें लागलें, पण तो विषय वेगळा.

ह्यानंतर साताऱ्याची प्रतिष्ठित मंडळी पन्हाळ्यास गेली आणि संभाजी महाराज निघाले. बखरींतील वर्णनानुसार दोघेही हत्तीवर आरूढ होऊन आले. दृष्टादृष्ट होतांच हत्तीवरून उतरून घोड्यांवर बसले. मग घोडेही सोडून पायीं चालूं लागले. संभाजींनीं वडील बंधूंच्या पायांवर डोकें ठेविलें, आणि शाहूंनीं त्यांस उठवून आलिंगन दिलें. आमचा पुतण्या येथें म्हणाला, "म्हणजे छायाचित्रच!" होय, छायाचित्रच. परंतु तें पाहणारे कोण होते, हें पाहावें. त्या माळावर दोन्ही राज्यांचे सरदार, मुत्सद्दी आणि शिलेदार सहस्रावधि जमले होते. चोवीस वर्षें जे ह्या गादीवरून त्या गादीकडे जा-ये करून मोल वाढवीत आले, त्या सर्वांनीं तो नमस्कार आणि तें आलिंगन आपल्या डोळ्यांनीं पाहिलें. खलित्यांतून कळलेल्या सलोख्यावर त्यांनीं विश्वास ठेवला नसता. अशा भेटी परस्परांची खात्री पटविण्यासाठीं असतात अशी समजूत आहे. आम्हांस वाटतें, त्या मुख्यतः स्वपक्षीयांची खात्री पटविण्यासाठीं असतात.

आणि पायउतार होण्यांतला बारकावा सुटूं नये. लढाई जिंकलेला धनी हत्तीवर बसून राहिला असता तरी कोणी दोष दिला नसता. दोघे एकाच क्रमानें उतरले म्हणूनच धाकट्याचा नमस्कार शरणागताचा न ठरतां धाकट्या भावाचा ठरला. आमच्या घरांतल्या जुन्या बायका तंटा मिटवितांना दोन्ही जावांना एकाच पाटावर कां बसवीत, तें आम्हांस येथें उमगलें.

प्रत्यक्ष भेट म्हणजे जोखीमच. ह्याच सातारा जिल्ह्यांत, प्रतापगडाच्या पायथ्याशीं, १० नोव्हेंबर १६५९ रोजीं झालेली भेट आपणां सर्वांस पाठ आहे. तेथें मंडप, अंगरक्षक, अंतर, सर्व वकिलांनीं आगाऊ ठरविलेलें होतें, आणि तरीही आलिंगनाचा अर्थ निराळा निघाला. युरोपांत १४१९ त माँतरोच्या पुलावर बर्गंडीचा ड्यूक वाटाघाटीस आला असतां मारला गेला. म्हणून १४७५ त फ्रान्सचा अकरावा लुई व इंग्लंडचा चौथा एडवर्ड पिकिनीच्या पुलावर भेटले, तेव्हां मध्यें भक्कम लाकडी जाळी होती, आणि तिच्यांतून हात घालून त्यांनीं एकमेकांस स्पर्श केला. नेपोलियन व झार अलेक्झांडर १८०७ त नदीच्या मध्यभागीं तराफ्यावर भेटले; गळाभेट उत्तम झाली, आणि पांच वर्षांनीं नेपोलियन रशियावर चालून गेला.

मग जखिणवाडीची भेट कां टिकली? ह्याचें उत्तर तिच्या नंतरच्या दीड महिन्यांत आहे. भेट फेब्रुवारीअखेरची, आणि वारणेचा तह १३ एप्रिल १७३१ चा. मधले दिवस कारकुनांचे होते. (ह्याच दिवसांत, १ एप्रिलला, गुजराथेंत डभईस शाहूंचा पेशवा व शाहूंचाच सेनापति एकमेकांशीं लढले, आणि त्र्यंबकराव दाभाडे पडले. भावाशीं तह होत असतां चाकरांत रण माजलें होतें!) तहांत वारणेच्या दक्षिणेपासून तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख संभाजींकडे राहिला; मिरज, तासगांव, अथणी ह्या बाजूचीं ठाणीं शाहूंकडे आलीं; कोपळ किल्ला संभाजींस आणि त्याबद्दल रत्नागिरी शाहूंस; कोंकणांत साळशीपासून दक्षिणेस अंकोल्यापर्यंत संभाजींचें; वडगांवचें ठाणें पाडून टाकावयाचें; तुंगभद्रेपलीकडे रामेश्वरापर्यंत जें मिळेल तें निम्में निम्में; एकाचा शत्रु तो दुसऱ्याचाही शत्रु. आणि आमच्या दृष्टीनें सर्वांत मोलाचें कलम असें, कीं एकाच्या चाकरीतला मनुष्य दुसऱ्यानें चाकरीस ठेवूं नये. मुलुखाच्या कलमांनीं हद्द ठरली. ह्या एका कलमानें भांडणावर चालणारें दुकान बंद झालें.

कोल्हापूरकर वाचक म्हणतील, वांटणी समान कोठें झाली? त्यांचें म्हणणें खरें आहे. संभाजींस निम्मा वांटा हवा होता. मिळाली एक ठरीव हद्द, आणि उत्तरेकडे माळवा-गुजराथेंत जें वाढत चाललें होतें त्यांत त्यांचा कांहीं भाग राहिला नाहीं. तह लढाई जिंकलेल्याचाच होता. तथापि हरलेल्यास घर राहिलें, गादी राहिली, आणि वडील भावाच्या घरीं पाहुणा म्हणून ताठ मानेनें जातां येऊं लागलें. शाहूंच्या हयातींत, म्हणजे १७४९ पर्यंत, ह्या दोन गाद्यांत पुन्हां मोठें युद्ध पेटलें नाहीं.

पुतण्याच्या महासत्तांसही हाच गज लावतां येतो. जून १९६१ मध्यें व्हिएन्नास केनेडी व क्रुश्चॉफ भेटले. तेथें एकानें दुसऱ्यास दाबून पाहिलें, आणि ऑगस्टमध्यें बर्लिनची भिंत उभी राहूं लागली. उलट रीगन व गोर्बाचॉफ नोव्हेंबर १९८५ त जिनिव्हास भेटले तेव्हां कागदावर फारसें कांहीं उतरलें नाहीं. ऑक्टोबर १९८६ त रिक्याविकची बैठक तर फिसकटली. परंतु मधल्या काळांत त्यांचे कारकून थांबले नाहींत, आणि ८ डिसेंबर १९८७ रोजीं मध्यम पल्ल्याचीं अण्वस्त्रें मोडण्याचा तह झाला. पुढच्या वर्षीं रीगन मॉस्कोच्या लाल चौकांत फिरले, तो जखिणवाडीचा माळच होता. पाहणारे स्वदेशीयच अधिक महत्त्वाचे होते. तो तह २०१९ त संपुष्टांत आला. वारणेच्या तहास अठरा वर्षें शाहू राखणारे होते. ह्याच्या राखणदारांच्या खुर्च्या बदलत गेल्या.

पेठेवरून आम्ही सांगलीस पोंचलों तों ऊन्ह कलली होती. ज्या मिरजेवर तहानें शाहूंचा हक्क लिहिला गेला, ती पुढें पटवर्धनांकडे आली, आणि १८०१ त काका-पुतण्यांचें न जमल्यानें चिंतामणराव आप्पासाहेब मिरजेंतून बाहेर पडले, तेव्हां ह्या सांगलीचें संस्थान झालें. हें ऐकून आमचा पुतण्या आमच्याकडे पाहून हंसला. लग्नघरीं जाण्यापूर्वीं त्याच्याच आग्रहावरून हरिपुरास गेलों. तेथें वारणा कृष्णेस मिळते. संगमेश्वराच्या घाटावरून समोर दिसतो तो कोल्हापूर जिल्हा. पाणी संथ होतें. पलीकडच्या कांठीं कोणी म्हशी धूत होता, आणि ह्या कांठच्या माणसाशीं मोठ्यानें ऊंसाच्या दराविषयीं बोलत होता.