केबल जुळली, पण प्रकाश उणावला

रस्ता खणताना केबल तुटली की दिवसभर ओरड होते आणि संध्याकाळी ती जोडली गेली की विषय संपतो. अशा बेशिस्त खोदकामामुळे देशाचे दरवर्षी सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असा केंद्र सरकारचा अंदाज आहे. मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप सुरू झाले ते याच कारणाने. परंतु प्रत्येक दुरुस्तीनंतर केबलमध्ये कायमची राहून जाणारी घट कोणत्याही हिशेबात येत नाही.

ऑप्टिकल फायबरची काच मुळात अत्यंत निर्मळ असते. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश तिच्यातून जाताना किलोमीटरमागे सुमारे ०.२ डेसिबलने क्षीण होतो. म्हणजे १५ किलोमीटरनंतरही निम्मा प्रकाश शिल्लक राहतो. उणीव निर्माण होते ती जोडांमध्ये. काळजीपूर्वक वितळवून केलेल्या जोडात ०.१ डेसिबलहून कमी घट होते. घाईत केलेला जोड, पेटीत आवळून गुंडाळलेली तार किंवा आत शिरलेले पावसाचे पाणी ही घट कितीतरी पटींनी वाढवते. त्यातच तुटलेल्या जागी नवा तुकडा घातला, तर एका घावामागे दोन जोड येतात.

घरोघरी जाणाऱ्या जाळ्यात एका तारेतील प्रकाश ३२ ग्राहकांत वाटला, तर त्या वाटणीतच सुमारे १७ डेसिबल खर्ची पडतात. प्रचलित उपकरणे एकूण २८ डेसिबलपर्यंतची घट सोसतात. उरलेल्या ११ डेसिबलमध्ये अंतर आणि जोड सारेच बसवावे लागतात. लांब पल्ल्याच्या मार्गांवर प्रकाशाचे ठोके पसरून एकमेकांत मिसळतात. ती विकृती उपकरणांनी सुधारता येते. ग्राहकापर्यंतच्या तारेवर मात्र प्रकाश वाढवणारे साधन सहसा नसते; तेथे गमावलेला प्रकाश परत मिळत नाही. सेवा बंद पडत नाही, पण वारंवार खंडित होते. सत्तरी, सांगे, काणकोणसारख्या डोंगराळ तालुक्यांत वस्ती जितकी दूर, तितकी ही शिल्लक तोकडी.

सुधारित भारतनेट कार्यक्रमासाठी केंद्राने २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले. देखभालीची कसोटी केवळ ‘सेवा चालू की बंद’ एवढीच राहिली, तर झिजत चाललेले जाळे कागदोपत्री निरोगीच दिसेल. तारेत प्रकाशाचा ठोका सोडून कोठे किती घट झाली हे दाखवणारे यंत्र आज उपलब्ध आहे. दुरुस्तीनंतरची त्याची नोंद जोडल्याखेरीज देयक मंजूर होऊ नये, एवढी एक अट कंत्राटात असली तरी पुष्कळ साधेल.