सेवा करणारे हात टिकावेत म्हणून

रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीला आपण ‘मावशी’ म्हणतो, पुरुषाला ‘मामा’ म्हणतो. परक्या माणसाला नात्यात सामावून घेण्याची ही रीत चांगलीच आहे. मात्र कामाला नात्याचे नाव दिले, की त्याच्या मोबदल्याचा विचार मागे पडतो, हेही तितकेच खरे.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षे व त्यापुढील वयाचे सुमारे १० कोटी ३८ लाख लोक होते. ज्येष्ठ नागरिकांच्या कल्याणासाठी २००७ मध्ये झालेल्या कायद्यात, राज्य शासनांना प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय करणारा वृद्धाश्रम उभारता येईल, अशी तरतूद आहे. इमारत पैशाने उभी राहील. पण तिच्यात राबणारी माणसे टिकली नाहीत, तर ती केवळ भिंतींचा निवारा ठरेल.

अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीची कूस वेळोवेळी बदलावी लागते. पाठीवरचा लालसर डाग कालपेक्षा मोठा झाला आहे, हे रोज पाहणाऱ्यालाच कळते. स्मृतिभ्रंश झालेले आजोबा अनोळखी हाताचा घास नाकारतात आणि ओळखीच्या हाताचा निमूट खातात. म्हणून सेवक बदलणे ही केवळ कार्यालयाची अडचण नसते. त्याची झळ प्रथम त्या वृद्धाला लागते.

माणसे हे काम का सोडतात? प्रत्येक वयाचे कारण निराळे असते. विशीतल्या तरुणाला पुढची वाट दिसत नाही. त्याला प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि बढतीची संधी हवी. चाळिशीतल्या स्त्रीवर स्वतःच्या घराचाही भार असतो. तिला कामाच्या निश्चित वेळा आणि हक्काची रजा हवी. पन्नाशी ओलांडलेल्या सेविकेजवळ अनुभव उदंड असतो. मात्र रुग्णाला उचलताना तिची कंबर साथ देत नाही. तिला उचलण्याची साधने, जोडीला तरुण सहकारी आणि नवख्यांना शिकवण्याचे मानाचे काम द्यावे. अशा जोडीत तरुणाचे बळ आणि प्रौढेची जाण एकमेकांना पूरक ठरतात. सर्वांना एकच नियम लावणे वरवर न्याय्य दिसते; प्रत्यक्षात त्यामुळे कोणाचीच गरज भागत नाही.

हे सारे खर्चाचे आहे, असा आक्षेप घेतला जाईल. तो खोटा नाही. परंतु माणूस सोडून गेल्यावर नव्याला शोधण्यात आणि शिकवण्यात खर्च होतोच. शिवाय त्या नवख्या हातांच्या चुका सोसाव्या लागतात त्या अंथरुणावरच्या असहाय जीवाला.

सेवेचे गोडवे गाणे सोपे आहे. योग्य वेतन, पुरेशी विश्रांती आणि वयाला साजेसे काम देणे कठीण आहे. सेवेविषयीचा आपला आदर खरा की शाब्दिक, याची कसोटी मात्र तेथेच लागते.