‘म्यूट’ दाबून भागत नाही

तरावीहनंतर सहेरीपर्यंत मोबाइलवर खेळणारी मुले आता गावोगाव आहेत. सामना सुरू होण्याआधीच कुणीतरी पडद्यावरचे नाव वाचतो आणि हेडफोनमधून धर्मावरून शिवी येते. कधी जातीवरून, मुलीचा आवाज ऐकू आला तर विचारूच नका. रोज्यांचे दिवस आहेत म्हणून मुलगा गप्प राहतो, ‘म्यूट’ दाबतो. शिवी देणारा पुढच्या सामन्यात दुसऱ्या कुणाला गाठतो.

‘कॉल ऑफ ड्यूटी’च्या कंपनीने २०२३ मध्ये खेळातले बोलणे तपासणारी ‘टॉक्समॉड’ यंत्रणा आणली. यंत्र संशयित बोलणे दाखवते, शिक्षा कंपनी ठरवते. पण सुरुवात इंग्रजीपासून झाली. आपली हिंदी-मराठी मिसळ यंत्राच्या पचनी पडणे अवघडच. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा रोख पैसे लावून खेळण्यावर आहे. धर्म-जातीवरून द्वेष पसरवणे भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा ठरतो, मात्र त्याला पुरावा लागतो, आणि बोललेला शब्द सामन्याबरोबर विरून जातो. म्हणून स्क्रीन रेकॉर्डिंग, समोरच्याचा आयडी, वेळ जपून ठेवावी आणि खेळातच तक्रार करावी. ते बटण शिवी खाणाऱ्याकडेच नसते. स्क्वॉडमधल्या बाकीच्या मुलांकडेही असते.