भविष्य कोणाच्या सातबाऱ्यावर?

गूगलच्या इमेज सर्चमध्ये 'आफ्रोफ्यूचरिझम' टाकून बघा. जांभळा-सोनेरी उजेड, डोळ्यांवर धातूचे चष्मे, वेण्यांमधून निघणाऱ्या वायरी, मागे उडत्या गाड्या. निम्म्या इमेजेस हल्ली एआयने बनवलेल्या. आपल्याकडे बहुतेकांची या विषयाशी ओळख २०१८च्या 'ब्लॅक पँथर'ने होते आणि तिथेच संपते. वाकांडा, व्हायब्रेनियम, छातीवर हातांची फुली. "व्हिज्युअल्स काय कडक आहेत यार!"

कडक आहेतच. पण माझं भांडण या 'व्हिज्युअल्स'वाल्यांशी आहे, आणि त्याहून जास्त दुसऱ्या एका गंभीर मंडळींशी. ही मंडळी चळवळीची भाषा बोलतात. त्यांचं म्हणणं असं, की पोलिसांची गोळी, घरभाडं, तुरुंग असे प्रश्न समोर असताना परग्रहांच्या गोष्टी लिहिणं हा पलायनवाद आहे, पोट भरलेल्यांचे चोचले आहेत. आधी भाकरी, मग चंद्र. ऐकायला बरोबर वाटतं. मला ते साफ चुकीचं वाटतं, आणि का, ते मी माझ्या धंद्याच्या बाजूने सांगतो.

एका नकाशापासून सुरुवात करू. १९३०च्या दशकातल्या मंदीत अमेरिकी सरकारच्या 'होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन'ने दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे काढले. प्रत्येक वस्तीला चारपैकी एक रंग: हिरवा, निळा, पिवळा, लाल. हिरवा म्हणजे उत्तम, लाल म्हणजे 'धोकादायक'. वस्तीत कृष्णवर्णीय कुटुंबं राहतात हे लाल रंग मिळायला बहुतेक वेळा पुरेसं असायचं. यातल्या नेमक्या कुठल्या नकाशामुळे कोणाचं कर्ज अडलं यावर इतिहासकारांमध्ये वाद आहेत. पण १९३४ पासून गृहकर्जाला सरकारी हमी देणारी यंत्रणाही याच हिशेबाने चालत होती, यावर वाद नाही.

आता हा नकाशा काय सांगत होता ते नीट बघा. ही वस्ती आज कशी आहे, एवढंच तो सांगत नव्हता. ती उद्या कशी होईल, हे सांगत होता. इथे किमती पडणार, म्हणून कर्ज नको. कर्ज नाही म्हणून डागडुजी नाही, डागडुजी नाही म्हणून किमती पडल्या. बघा, मॉडेल बरोबर निघालं! आमच्याकडे याला फीडबॅक लूप म्हणतात आणि कॉलेजात त्यावर पाच मार्कांचा प्रश्न येतो. मी मात्र याला सायन्स फिक्शन म्हणतो. चार रंगांत लिहिलेली, सरकारी शिक्क्याची सायन्स फिक्शन, जिच्यातल्या पात्रांना आपण पात्र आहोत हे कोणी सांगितलंच नव्हतं.

आणि हे काही आजोबांच्या काळातलं नाही. शिकागोच्या पोलिसांकडे कित्येक वर्षं एक यादी होती. गोळीबारात कोण सापडेल, कोण मारेल किंवा मरेल, याचा प्रत्येक माणसाला स्कोअर. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी गुन्हा कुठे घडेल हे सांगणारं सॉफ्टवेअर २०२० साली बंद केलं. ते जुन्या गुन्ह्यांच्या नोंदींवर चालायचं, म्हणजे जिथे आधीच जास्त पोलीस फिरत होते तिथेच ते पुन्हा पोलीस पाठवायचं. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहरा बघून स्त्री की पुरुष हे ओळखणारी बाजारातली तीन सॉफ्टवेअर तपासली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत सगळ्यात जास्त चूक ०.८ टक्के, गडद त्वचेच्या बायकांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. हा आकडा मी प्रिंट काढून डेस्कवर लावला होता. मॅनेजर म्हणाला, "इंटरेस्टिंग."

आपल्याकडे काय वेगळं आहे? मी काही महिने एका कर्जाच्या अ‍ॅपवर काम करत होतो. अर्जदाराचा पिनकोड हा त्या मॉडेलमधला सगळ्यात वजनदार कॉलम होता. मीटिंगमध्ये मी विचारलं, की पिनकोड म्हणजे आपल्या शहरांत काय काय असतं हे आपल्याला माहीत आहे ना? उत्तर आलं, "डेटा बोलतो, आपण नाही." त्यानंतर चहा आला.

तर मुद्दा असा. कृष्णवर्णीयांनी भविष्याच्या कल्पना कराव्यात की नाही, हा प्रश्नच नाही. त्यांच्या भविष्याची कल्पना दुसऱ्या कोणीतरी केव्हाच करून ठेवली आहे आणि ती प्रॉडक्शनमध्ये चालू आहे. भाकरीचा प्रश्न आणि चंद्राचा प्रश्न एकाच फाइलमध्ये आहेत. अशा वेळी वेगळं भविष्य लिहिणारा माणूस पळून जात नसतो. तो आधी लिहून ठेवलेल्या भविष्यावर हरकत नोंदवत असतो.

'आफ्रोफ्यूचरिझम' हा शब्द १९९३-९४चा, मार्क डेरी नावाच्या एका गोऱ्या समीक्षकाचा. काम मात्र जुनं. डू बॉइस यांनी १९२० साली 'द कॉमेट' लिहिली: धूमकेतूच्या विषारी वायूने न्यूयॉर्क मरून पडतं, आणि वाचतात ते बँकेतला एक कृष्णवर्णीय निरोप्या आणि एक श्रीमंत गोरी तरुणी. शहर मेल्यावरच हे दोघं एकमेकांना माणूस म्हणून बघू शकतात. इतकं झाल्याशिवाय ते शक्य नाही, हाच त्या गोष्टीतला खरा बॉम्ब आहे.

मग सन रा. १९१४ साली अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये जन्मलेला हा पियानोवाला सांगायचा की मी शनी ग्रहावरचा आहे. लोक हसायचे. पण अलाबामात त्या काळी जन्मलेल्या कृष्णवर्णीय मुलाला तिथला नागरिक तरी कोण मानत होतं? शनीचा दाखला त्यापेक्षा वाईट नव्हता. १९६८ साली तो आपल्या 'आर्केस्ट्रा'सकट फिलाडेल्फियाच्या जर्मनटाउन भागात राहायला आला. सॅक्सोफोन वाजवणाऱ्या मार्शल अ‍ॅलनच्या वडिलांचं घर होतं. एकाच घरात वादक राहायचे, स्वयंपाक करायचे, दिवस-रात्र तालमी करायचे. बँडमधल्या एकाने गल्लीत दुकानही चालवलं. सन रा १९९३ साली गेला, तरी बँड थांबला नाही. मार्शल अ‍ॅलनने २०२४ साली वयाची शंभरी पूर्ण केली, तेव्हाही आर्केस्ट्रा त्याच्याच नावावर चालू होता. रॉकेट वगैरे ठीक आहे हो, पण इतकी वर्षं एका छताखाली एकत्र राहून दाखवणं ही मला त्यातली जास्त अद्भुत गोष्ट वाटते.

फिलाडेल्फियातच थांबू, कारण माझं सगळ्यात आवडतं उदाहरण तिथलंच आहे. शहराच्या उत्तर भागात शार्सवूड नावाची वस्ती. तिथले ब्लुमबर्ग टॉवर्स हे सरकारी घरांचे मनोरे मार्च २०१६ मध्ये स्फोटकं लावून पाडले. त्याआधीच गृहनिर्माण प्राधिकरणाने पुनर्विकासासाठी तेराशेच्या आसपास भूखंड ताब्यात घ्यायची परवानगी मिळवली होती. पुनर्विकास, भूसंपादन, प्रेझेंटेशनमधली हिरवी झाडं: हे शब्द मुंबई-पुण्याच्या वाचकाला समजावून सांगायला नकोत. त्याच वर्षी, त्याच वस्तीत रिज अ‍ॅव्हेन्यूवर एका गाळ्यात 'कम्युनिटी फ्युचर्स लॅब' सुरू झाली. चालवणाऱ्या दोघी: रशिदा फिलिप्स आणि कॅमे अयेवा. त्यांच्या जोडीचं नाव ब्लॅक क्वांटम फ्यूचरिझम. अयेवा कवी-संगीतकार, 'मूर मदर' या नावाने प्रसिद्ध. फिलिप्स विज्ञानकथा लिहितात आणि पेशाने वकील आहेत, त्याही भाडेकरूंच्या.

त्या गाळ्यात काय चालायचं? पुस्तकं होती, कार्यशाळा होत्या, घराच्या हक्काची माहिती मिळायची. आणि शेजारपाजारच्या लोकांच्या मुलाखती घेतल्या जायच्या. मौखिक इतिहास सगळेच गोळा करतात, अनुदानही मिळतं. इथे त्याच्या जोडीला 'मौखिक भविष्य' गोळा होत होतं. या कोपऱ्यावर पुढे काय असेल, तुम्ही कुठे असाल, हे लोकांना विचारायचं आणि रेकॉर्ड करून ठेवायचं. ज्या वस्तीला नकाशावर भविष्यच ठेवलेलं नाही तिथे हा प्रश्न विचारणं हे मवाळ काम नाही.

फिलिप्स यांचा वेळेबद्दलचा विचार मला फार पटतो. घर खाली करण्याच्या दाव्यात पुकारा झाला आणि भाडेकरू हजर नसला, की एकतर्फी निकाल. बस चुकली, मालक सुट्टी देत नाही, पोराला ताप आहे, हे कोर्टाच्या घड्याळात बसत नाही. माझ्या भाषेत सांगायचं तर सर्व्हरने टाइमआउट स्वतःच्या सोयीने ठरवलाय आणि क्लायंटचं नेटवर्क टू-जी आहे. आता हे पाहिलेल्या वकिलाने काळाच्या रचनेवर गोष्टी लिहिल्या, तर त्याला पलायन म्हणणाऱ्याने एकदा त्या कोर्टाच्या बाकावर बसून यावं.

या नावाखाली भंपकपणा चालतोच. एकॉन या गायकाने २०१८ साली सेनेगलमध्ये 'एकॉन सिटी' जाहीर केली. सहा अब्ज डॉलर, वळणदार काचेचे मनोरे, स्वतःची क्रिप्टो. सगळ्या जगाने 'खराखुरा वाकांडा' म्हणून बातम्या छापल्या. २०२० साली कोनशिला बसली. २०२५ साली सरकारी अधिकाऱ्याने सांगितलं की हा प्रकल्प आता अस्तित्वात नाही. माळावर एक अर्धवट इमारत उरली. त्या रेंडरिंगमध्ये सगळं होतं, तिथल्या गावकऱ्यांना काही विचारल्याचं मात्र दिसत नव्हतं. वाकांडातही तेच आहे. देश विज्ञानात जगाच्या पुढे, पण राजा कोण हे धबधब्यावरच्या कुस्तीत ठरणार. ही कल्पनाशक्तीची झेप नाही, बजेटची आहे.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. सेंट्रल पार्कच्या जागी एकेकाळी सेनेका व्हिलेज होतं. १८२५ पासून कृष्णवर्णीय लोकांनी विकत घेतलेल्या जमिनीवर वसलेलं गाव. १८५७ पर्यंत पार्कसाठी ते रिकामं केलं. २०२१ साली म्युझियमने एक खोली उभारली: ते गाव उठलं नसतं तर आज तिथलं घर कसं दिसलं असतं? रचनेचं नेतृत्व हॅना बीचलर यांचं, म्हणजे वाकांडा उभा करणाऱ्या डिझायनरचं. कल्पना सुंदर आहे. पण उठवलेल्या घराला शेवटी जागा मिळाली ती पार्काच्याच काठावर, काचेआड, तिकीट काढून बघायला. मला तिथे टाळ्या वाजवाव्यात की गप्प बसावं हे कळत नाही.

मराठी वाचकाला हे सगळं लांबचं वाटायचं कारण नाही. फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामी संपवण्यासाठी झटलेल्या लोकांना. १९४६ साली आंबेडकरांनी डू बॉइस यांना पत्र लिहिलं आणि त्यांचं उत्तरही आलं. १९७२ साली मुंबईत दलित पँथरने नाव घेतलं ते ब्लॅक पँथरवरून. धागा पक्का आहे. पण आपण, म्हणजे पुस्तकं विकत घेणारा मराठी वाचक, दलित लेखकाकडे आजही आत्मकथनच मागतो. जखम दाखव, आम्ही हळहळतो, पुरस्कार देतो. २०८० सालचं मंगळावरचं गाव कसं असेल हे त्याला कोण विचारतं? ते लिहायचं काम आपण ठरावीक आडनावांकडे देऊन टाकलंय. त्यांच्या यानात गुरुत्वाकर्षणाचं गणित चोख असतं, पण यानातला संडास कोण साफ करतो याचा उल्लेख मला क्वचित सापडतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांनी एका दिवसात आपलं भविष्य बदलून लिहिलं, त्या महाराष्ट्रात ही स्थिती. चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनाने २०२४ साली जातिविरोधी विज्ञानकथांचा संग्रह काढला, तो इंग्रजीत. मराठी पुस्तकाची मी वाट बघतोय, प्री-ऑर्डर करीन.

शेवटी ऑक्टेव्हिया बटलर. पासाडिनात जन्मलेली, घरकाम करणाऱ्या आईची मुलगी. पडेल ती नोकरी करायची आणि पहाटे दोनला उठून लिहायची. तिची 'पॅरेबल ऑफ द सोअर' १९९३ साली आली आणि कथा सुरू होते २०२४ मध्ये. दुष्काळ, कुंपणाआडच्या वस्त्या, लॉस एंजेलिसभोवती आगी, आणि घर जळाल्यावर अनोळखी माणसांना सोबत घेऊन उत्तरेकडे चालत निघालेली एक मुलगी. जानेवारी २०२५ मध्ये पासाडिनाला लागून असलेलं आल्टाडिना खरंच जळालं. नऊ हजारांहून जास्त इमारती गेल्या. बटलरची कबर तिथेच आहे. लगेच रील्स आले: 'तिला सगळं आधीच माहीत होतं!' मला याचा राग येतो. तिला दृष्टान्त झाला नव्हता, ती वर्तमानपत्र वाचत होती. तिला भविष्यवेत्ती म्हटलं, की तिने दाखवलेल्या कारणांकडे बघायचं काम वाचतं.

कारणं अजून तिथेच आहेत. पश्चिम आल्टाडिनात कृष्णवर्णीय कुटुंबं स्थायिक झाली, कारण आसपासच्या बऱ्याच भागांत त्यांना घर घेता येत नव्हतं. परत तोच चार रंगांचा नकाशा. आगीच्या रात्री लेक अ‍ॅव्हेन्यूच्या पूर्वेला घर सोडण्याचे आदेश संध्याकाळीच गेले, पश्चिमेला ते पहाटे तीननंतर पोचले. मेलेल्यांपैकी जवळजवळ सगळे पश्चिमेकडचे.

पासाडिनात 'ऑक्टेव्हियाज बुकशेल्फ' नावाचं बटलरच्या नावाचं छोटं पुस्तकांचं दुकान आहे, २०२३ साली सुरू झालेलं. आग लागल्यावर दुकानातली पुस्तकं बाजूला सरकवली गेली आणि तिथे पाणी, कपडे, साबण, लहान मुलांचे डायपर आले. घर गेलेल्यांनी यावं, लागेल ते न्यावं. तिकडे जळालेल्या प्लॉटवरची राख उचलून व्हायच्या आत गुंतवणूकदारांचे फोन सुरू झाले: रोख देतो, विकता का? घरांच्या जागी नुसत्या चिमण्या उभ्या होत्या, आणि अंगणांत लोकांनी पाट्या रोवल्या होत्या: आल्टाडिना विकायला काढलेलं नाही.