चिठ्ठीतली शेवटची गोळी

माझ्या दुकानाच्या भिंतीवर दोन परवाने टांगलेले आहेत. एक औषध प्रशासनाचा, ज्याच्या जोरावर मी औषधं विकते. दुसरा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा; तो शेजारच्या किराणावाल्याकडेही आहे आणि कोपऱ्यावरच्या कचोरीवाल्याकडेही. गिऱ्हाइकाला या दोहोंतला फरक कळायचं कारण नाही, कारण दोन्हींचा माल एकाच कपाटात आणि सारख्याच चकचकीत पट्टीत असतो. टोमॅटोचं नाहीतर द्राक्षांच्या घडाचं चित्र असलेली अँटिऑक्सिडंट कॅप्सूल बहुतेक वेळा या दुसऱ्या परवान्यावर विकली जाते. कायद्याच्या लेखी ती खाद्य आहे.

2016 च्या नियमांप्रमाणे अशा पाकिटावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची ओळ छापणं सक्तीचं आहे. ती इंग्रजीत, पाकिटाच्या मागच्या बाजूला, भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरात असते. आणि हीच कॅप्सूल डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, औषधांच्या रांगेत, शेवटच्या ओळीवर लिहून येते. औषध नाही असं स्वतःच सांगणारी वस्तू चिठ्ठीवर का यावी?

कारण सांगायला मला अवघडायला नको, मी याच धंद्यात आहे. किंमत नियंत्रणाखालच्या औषधावर किरकोळ विक्रेत्याला 16 टक्के मिळतात. पूरक खाद्यावर असा लगाम नाही, त्यामुळे छापील किमतीत सगळ्यांचं भागतं. कंपनीचा एमआर, म्हणजे औषध प्रतिनिधी, येतो तो ‘दहावर तीन फ्री’ची स्कीम घेऊन. त्याचं भाषणही ठरलेलं: लोखंडाला गंज चढतो तसा शरीराला फ्री रॅडिकल्सचा गंज चढतो, आणि ही कॅप्सूल तो थांबवते. ऐकायला पटतं. डेनम हार्मन यांनी 1956 साली वार्धक्याचा हा सिद्धांत मांडला आणि पुढे शास्त्रज्ञांनाही तो पटलाच होता. लायनस पॉलिंगसारख्या नोबेलविजेत्याने क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रांचा हिरिरीने पुरस्कार केला.

पण पटणं वेगळं आणि तपासणं वेगळं. फिनलंडमध्ये 29 हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर बीटा कॅरोटिन आणि ई जीवनसत्त्व या दोन अँटिऑक्सिडंटची चाचणी झाली. 1994 मध्ये निकाल आला, तर बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्के जास्त निघाला. अमेरिकेत धूम्रपान करणारे आणि ॲस्बेस्टॉसशी संबंध आलेले कामगार अशा 18 हजारांवर लोकांना बीटा कॅरोटिन आणि अ जीवनसत्त्व देऊन पाहिलं. तिथे फुप्फुसाचा कर्करोग 28 टक्के आणि मृत्यू 17 टक्के अधिक दिसले. 1996 च्या जानेवारीत चाचणी मुदतीआधीच बंद करावी लागली. सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व प्रोस्टेटचा कर्करोग टाळतात का, हे पाहायला 35 हजार पुरुष निवडले गेले. 2011 चा निकाल असा की नुसतं ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत तो 17 टक्क्यांनी वाढला. पुढे कॉक्रेन संस्थेने अशा 78 चाचण्या एकत्र तपासल्या. आयुष्य वाढल्याचा पुरावा मिळाला नाही, उलट बीटा कॅरोटिन आणि ई जीवनसत्त्वाने मृत्यूचं प्रमाण किंचित वाढत असावं असं दिसलं.

असं का व्हावं? ज्या रॅडिकल्सना आपण शत्रू म्हणतो, त्यांचाच मारा करून आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारतात. व्यायामाचा फायदाही काही अंशी त्यांच्यामार्फत पोचतो. 2009 मध्ये एका जर्मन अभ्यासात तरुणांना व्यायामासोबत क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा दिल्या, तेव्हा इन्सुलिनबाबत व्यायामाचा होणारा लाभच नाहीसा झाला. शरीराचा हा तोल आहे. एका पारड्यात मूठभर गोळ्या टाकून तो सुधारत नाही.

आता आमच्या भोपाळकडे या. 1984 च्या 2 डिसेंबरच्या रात्री युनियन कार्बाइडच्या टाकीतून सुमारे 40 टन मिथाइल आयसोसायनेट सुटलं. तेव्हाच्या 56 पैकी 36 वॉर्ड गॅसग्रस्त ठरले. माझं दुकान त्यांतल्याच एका भागात आहे. धाप, खोकला, डोळ्यांची आग या तक्रारी घेऊन येणारी माणसं आता म्हातारी झाली आहेत. हा वायू शरीरातल्या ग्लुटाथायोनशी, म्हणजे आपल्या घरच्याच अँटिऑक्सिडंटशी जोडला जातो, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. तेव्हा ‘गॅसवाल्यांना अँटिऑक्सिडंट हवंच’ हे वाक्य या शहरात सहज खपतं. पण त्या रात्रीची रासायनिक झटापट केव्हाच संपली. उरल्या आहेत त्या आकसलेल्या श्वासनलिका, आणि त्या मोकळ्या ठेवायला इनहेलर लागतो.

माझ्याकडे एक चाचा येतात. खिशात बिडीचं बंडल, हातात दमेकऱ्याची चिठ्ठी. महिनाअखेरीला पैसे कमी पडले की ते काउंटरवर पट्ट्या पुढे-मागे सरकवतात आणि इनहेलरची कॅप्सूल बाजूला ठेवतात. ‘दीदी, ये ताकत वाली मत निकालना, महंगी है, इसी से आराम है.’ महाग म्हणून गुणकारी, हा त्यांचा हिशेब. जी कॅप्सूल ते घट्ट धरून ठेवतात तिच्या मागच्या यादीत बीटा कॅरोटिन आहे. आणि ज्यांच्यात बीटा कॅरोटिनने कर्करोग वाढला ती माणसं त्यांच्यासारखीच धूम्रपान करणारी होती. फिनलंडमधली मात्रा 20 मिलिग्रॅमची होती, या पट्टीत तेवढी नसेल. पण फायदा सिद्ध नसताना बिडी ओढणाऱ्याने हा धोका थोडासाही का पत्करावा?

याच भोपाळात 1985 मध्ये सोडियम थायोसल्फेटच्या इंजेक्शनवरून रण माजलं होतं. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, त्याची रीतसर डबल ब्लाइंड चाचणी घेतली, वापराची शिफारस केली, तरी ते सगळ्या गॅसपीडितांपर्यंत पोचलं नाही. ते देणाऱ्या जनस्वास्थ्य केंद्रावर त्या वर्षीच्या जूनमध्ये पोलिसांचा छापा पडला. त्या इंजेक्शनला या शहराने पुरावा मागून मागून दमवलं, आणि पूरक गोळ्यांना आज कुणी पुरावा विचारत नाही. मला राग येतो तो याचा.

सगळंच थोतांड आहे असं मी म्हणत नाही. पॅरासिटामॉलची विषबाधा झाली तर एन-ॲसिटिलसिस्टीन जीव वाचवतं, कारण ते यकृताला ग्लुटाथायोन पुन्हा बनवू देतं. वयोमानाने डोळ्यांच्या मॅक्युलाची झीज ठरावीक टप्प्यापर्यंत गेलेली असेल, तर जीवनसत्त्वं आणि झिंक यांचं एक ठरलेलं मिश्रण ती पुढे जाण्याची शक्यता सुमारे चतुर्थांशाने कमी करतं; 2001 च्या अमेरिकन अभ्यासात हे सिद्ध झालं. त्यातलं बीटा कॅरोटिन काढून 2013 मध्ये ल्युटिन आणि झियाझँथिनची निवड झाली, तीही धूम्रपान करणाऱ्यांचा विचार करून. अमुक आजार, अमुक टप्पा, अमुक मात्रा असं असलं की मी पट्टी निःशंक मनाने काढून देते.

बाकीच्यांनी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ‘नुकसान तर नाही ना’ हे खरं नाही. क जीवनसत्त्वाची हजार मिलिग्रॅमची गोळी रोज घेणाऱ्या स्वीडिश पुरुषांत मूतखड्यांचं प्रमाण दुप्पट आढळलं. वॉरफेरिन हे रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने रक्तस्रावाचा धोका वाढतो. ग्रीन टीचा अर्क नैसर्गिक असला तरी जास्त मात्रेत यकृताला बाधतो. केमो किंवा रेडिएशन चालू असताना तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच घेऊ नये. आणि ज्याची रोजची गरज पुरुषाला 80 आणि स्त्रीला 65 मिलिग्रॅम आहे, ते क जीवनसत्त्व 100 ग्रॅम पेरूत 200 मिलिग्रॅमहून जास्त मिळतं. हिवाळ्यात आमच्या चौकात पेरूच्या हातगाड्याच हातगाड्या असतात.

माझ्या मागण्या साध्या आहेत. पूरक खाद्यासाठी प्रत्येक मेडिकलमध्ये वेगळं कपाट असावं आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ ही ओळ पाकिटाच्या पुढच्या बाजूला, हिंदीत आणि मराठीत, कंपनीच्या नावाएवढ्याच अक्षरात छापावी. बीटा कॅरोटिन असलेल्या पट्टीवर विडी-सिगारेट ओढणाऱ्यांसाठी स्वतंत्र इशारा असावा. डॉक्टरांनी पूरक गोळी लिहिलीच तर समोर कारणही लिहावं. ‘ताकदीसाठी’ हे कारण धरलं जाऊ नये.

आणि पैसे कमी पडले तर कोणती गोळी सोडायची हे गिऱ्हाइकाने किमतीवरून ठरवू नये, आम्हाला विचारावं. फार्मसी कौन्सिलने आमची नावं एवढ्यासाठीच नोंदवून घेतली आहेत, दहावर किती फ्री ते मोजण्यासाठी नव्हे.